कमरेखाली दोन गुण, कमरेवर चार

रोज सकाळी आंघोळीला दुसऱ्याचा हात लागतो. वाकलं की कळ येते, तोल जातो. मांड्या, पोटऱ्या, पावलं स्वतःला धुता येत नाहीत. नवरा प्लास्टिकच्या स्टुलावर बसवतो, पाय घासून देतो, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून देतो. ब्रिटनच्या सरकारी कोष्टकात या मदतीला २ गुण आहेत. हीच मदत खांद्यापासून कमरेपर्यंतच्या अंगाला लागली असती, तर ४ गुण मिळाले असते. केस धुवायला कुणी लागत असेल तर पुन्हा दोनच. कपड्यांचंही तसंच: पँट चढवायला मदत लागली तर २, सदरा चढवायला लागली तर ४.

कोष्टक करणाऱ्यांचा तर्क बहुधा असा असावा, की ज्याचा हात स्वतःच्या छातीवरही फिरत नाही त्याची अवस्था जास्त बिकट. कागदावर हे पटतं. स्टुलावर बसलेल्या बाईला मात्र सकाळी एक माणूस लागतोच, मग तो साबण कुठेही लावो. तरीही या फरकावरून कुणी फार भांडत नव्हतं, कारण शेवटी पाहिली जायची ती बेरीज. थोडे इथले, थोडे तिथले असे गुण जमले की भत्ता मिळायचा. मार्च २०२५ मध्ये ब्रिटनच्या सरकारने ठरवलं, की नुसती बेरीज पुरेशी नाही. त्या दिवसापासून दोन आणि चार यांच्यामधली फट लाखो घरांच्या जेवणाच्या टेबलावरचा विषय झाली.

या भत्त्याचं नाव पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट. तिकडे सगळे ‘पिप’ म्हणतात. एप्रिल २०१३ पासून तो सुरू झाला. वय सोळापासून निवृत्तिवेतनाच्या वयापर्यंत. दीर्घकाळचा आजार किंवा अपंगत्व असलं पाहिजे. तुमचं उत्पन्न किती, बँकेत शिल्लक किती, नोकरी करता की नाही, यातलं काहीही विचारलं जात नाही, आणि त्यावर कर नाही. आपल्याकडे सरकारी मदत म्हटलं की तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आधी डोळ्यांसमोर येतो, म्हणून हे जरा थांबून समजून घ्यावं लागतं. पिप हा गरिबीचा भत्ता नाही. अपंगत्वामुळे जगणं महाग होतं, त्या जादा खर्चापोटी तो दिला जातो.

तो खर्च कसा होतो? सांधे आखडतात म्हणून घर जास्त वेळ गरम ठेवावं लागतं. बस पकडता येत नाही म्हणून टॅक्सी. सुरी धरवत नाही म्हणून चिरलेली, महाग भाजी. कपडे दिवसातून दोनदा बदलावे लागतात म्हणून धुण्याचं यंत्र दोनदा. व्हीलचेअरची बॅटरी रोज चार्ज करायची, ऑक्सिजनचं यंत्र रात्रभर चालायचं, त्याचं वीजबिल. अपंगांसाठी काम करणाऱ्या ‘स्कोप’ या ब्रिटिश संस्थेने २०२४ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा अपंग व्यक्ती असलेल्या घराला इतरांसारखंच जगण्यासाठी महिन्याला सरासरी १,०१० पौंड जादा लागतात असं दिसलं.

पिपचे दोन भाग आहेत. एक रोजच्या जगण्याचा, दुसरा हिंडण्याफिरण्याचा. रोजच्या जगण्यात दहा कामं मोजतात: स्वयंपाक, खाणं, औषधोपचार सांभाळणं, आंघोळ, शौचालय, कपडे, बोलणं, वाचणं, माणसांत मिसळणं आणि पैशांचे निर्णय. प्रत्येक कामाखाली पायऱ्या आणि प्रत्येक पायरीला गुण. एकूण ८ झाले तर साधा दर, १२ झाले तर वरचा दर. २०२५-२६ मध्ये साधा दर आठवड्याला ७३.९० पौंड होता, वरचा ११०.४० पौंड. (पौंडाचे रुपये करून ‘एवढे!’ म्हणायचा मोह आवरा. तिथला टॅक्सीवाला रुपयांत भाडं घेत नाही.)

आता सुरुवातीच्या बाईकडे परत येऊ. समजा ती लेस्टरमध्ये राहते आणि तिला आमवात आहे. पाय धुवायला नवरा लागतो, २. पँट आणि मोजे तोच चढवतो, २. स्वयंपाकात जाड मुठीची सुरी, डबा उघडायचं यंत्र आणि उंच स्टूल लागतं, २. शौचालयात भिंतीला दांडी बसवून घेतली आहे, तिच्याशिवाय उठता येत नाही, २. झाले आठ. तिला आठवड्याला ७३.९० पौंड मिळतात. ती पात्र आहे म्हणून, आठवड्याला किमान ३५ तास तिच्यासाठी देणाऱ्या तिच्या नवऱ्याला ‘केअरर्स अलाउन्स’ म्हणजे सांभाळणाऱ्याचा भत्ता मिळू शकतो. तो २०२५-२६ मध्ये ८३.३० पौंड होता.

१८ मार्च २०२५ रोजी कामगार व पेन्शन खात्याच्या मंत्री लिझ केंडल यांनी ग्रीन पेपर मांडला, म्हणजे सरकारच्या विचाराचा जाहीर मसुदा. त्यातली मुख्य अट अशी: नोव्हेंबर २०२६ पासून रोजच्या जगण्याचा भत्ता हवा असेल, तर दहापैकी निदान एका कामात एकगठ्ठा ४ गुण हवेत. आपल्या लेस्टरच्या बाईचे दोन-दोन-दोन-दोन मिळून आठ होतात, पण चार कुठेच नाहीत. तिला शून्य. शेजारच्या एखाद्याचे चार, दोन, दोन असे आठ असतील, तर त्याला पूर्ण. तिच्या घराचं नुकसान किती? पिपचे वर्षाला ३,८४३ पौंड, आणि त्याच्यावर टेकलेला नवऱ्याचा भत्ता ४,३३२ पौंड. दोन्ही मिळून ८,१७५ पौंडांच्या आसपास. तिची बोटं तेवढीच वाकडी, दांडी तिथेच, नवराही तोच.

अशी ती एकटीच नव्हती. सरकारच्याच आकडेवारीतून पुढे आलं, की साध्या दराचा भत्ता घेणाऱ्यांपैकी ८७ टक्के लोकांना कुठल्याही एका कामात चार गुण नव्हते. ज्यांचा मुख्य आजार पाठीचं दुखणं किंवा संधिवात आहे, त्यांच्यात हे प्रमाण पाचांत जवळपास चार. थोडंथोडं सगळीकडे अडणारं शरीर हे या आजारांचं लक्षणच आहे; एकाच कामात पूर्ण लुळं पडणं हे नव्हे. म्हणजे नव्या अटीने तीव्र आणि सौम्य अशी वर्गवारी होण्याऐवजी, एका प्रकारचं अपंगत्व गाळलं जाणार होतं.

खात्याने आपला परिणाम-अंदाज २६ मार्चला प्रसिद्ध केला, त्याच दिवशी अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी संसदेत वसंत ऋतूचं आर्थिक निवेदन केलं. त्या अंदाजानुसार २०२९-३० पर्यंत आज पिप घेणाऱ्या ३ लाख ७० हजार लोकांचा रोजच्या जगण्याचा भत्ता जाणार होता, आणि पुढे ज्यांना मिळाला असता अशा ४ लाख ३० हजारांना तो मिळणार नव्हता. माणशी सरासरी नुकसान वर्षाला ४,५०० पौंड. सांभाळणाऱ्यांचा भत्ता गमावणारे दीड लाख. कपातीचा सगळा संच धरला तर ३२ लाख कुटुंबांना झळ, आणि अडीच लाख लोक सापेक्ष दारिद्र्यरेषेखाली. त्यात ५० हजार मुलं. हे विरोधकांनी फुगवलेले आकडे नव्हेत. सरकारने स्वतःच्या धोरणाबद्दल स्वतः छापलेला कागद आहे.

सरकारची बाजूही ऐकली पाहिजे, कारण तिच्यात तथ्य आहे. कोविडनंतर पिप नव्याने मंजूर होणाऱ्यांची मासिक संख्या दुपटीहून जास्त झाली. मानसिक आजारासाठी अर्ज करणाऱ्या तरुणांचं प्रमाण वाढलं. काम करण्याच्या वयातल्यांच्या आजार-अपंगत्वावरचा खर्च काही वर्षांत वर्षाला ७० अब्ज पौंडांवर जाईल, असं सरकार सांगत होतं. रुग्णालयांतल्या लांबलेल्या प्रतीक्षायाद्या हे त्याचं एक कारण. बायकांचं निवृत्तीचं वय ६० वरून ६६ वर नेलं, त्यामुळे एरवी पेन्शनवर गेलेल्या दुखणाईत बायका आता ‘कामाच्या वयात’ मोजल्या जातात, हे दुसरं. आणि तिसरं कारण दुसऱ्याच एका भत्त्यात आहे.

त्या भत्त्याचं नाव युनिव्हर्सल क्रेडिट. तो गरिबीचा, उत्पन्न पाहून मिळणारा. पंचविशीच्या पुढच्या एकट्या माणसाला २०२५-२६ मध्ये आठवड्याला ९२ पौंड. डॉक्टरी कारणाने काम शक्य नाही असं ठरलं, तर त्यावर आणखी ९७ पौंड. म्हणजे आजारी ठरलात तर दुप्पट. ९२ पौंडांत ब्रिटनमध्ये तग धरणं कठीण, म्हणून माणूस आजाराच्या रांगेत उभा राहतो, आणि एकदा ‘काम अशक्य’ असा शिक्का मिळाला की तो घालवून नोकरी शोधायची भीती वाटते. ही रचना वाकडी आहे हे सरकारचं म्हणणं मला मान्य आहे. त्यांनी काढलेला उपायही निम्मा बरोबर होता: मूळ भत्ता थोडा वाढवायचा. उरलेला निम्मा उपाय म्हणजे नव्या अर्जदारांचे ९७ पौंड ५० वर आणायचे.

पण सगळी भाषणं ‘लोकांना कामावर परत आणू’ या सुरात होती, आणि मोठी कात्री मात्र पिपवर होती. पिपचा कामाशी संबंधच नाही. पिप घेणारा साधारण सहांतला एक जण नोकरी करतो, आणि त्यातले अनेक जण त्याच पैशांतून कामावर जायची टॅक्सी करतात. पिप काढून घेतला म्हणजे माणूस कामाला लागेल, हे म्हणणं चालायची काठी काढून घेतली की माणूस धावेल, असं म्हणण्यासारखं आहे. फसवणुकीचा मुद्दाही फार चघळला गेला. पण पिपमधल्या फसवणुकीचं प्रमाण अलीकडच्या वर्षांत खात्याच्याच आकड्यांनुसार अर्ध्या टक्क्याच्या आत आहे.

मग चार हाच आकडा का? याचं वैद्यकीय उत्तर सरकारने दिलं नाही. हिशेबी उत्तर सरळ आहे: वर्षाला ५ अब्ज पौंड वाचवायचे होते. ग्रीन पेपर आला त्यानंतरच्या आठवड्यात सरकारी खर्चाचा स्वतंत्र अंदाज करणाऱ्या ऑफिस फॉर बजेट रिस्पॉन्सिबिलिटीने सांगितलं, की एवढी बचत यातून होत नाही. त्यावर सरकारने काय केलं? युनिव्हर्सल क्रेडिटच्या आजाराच्या भागाला आणखी एक गाठ मारली: नव्या लोकांचे ५० पौंड २०२९-३० पर्यंत गोठवायचे. आठवड्याभरात देशातल्या आजारी माणसांची प्रकृती सुधारली नव्हती. बेरीज जुळत नव्हती. बचतीचा आकडा आधी ठरतो आणि अपंग कोण हे नंतर, हे इतक्या उघडपणे क्वचितच दिसतं.

ब्रिटनमध्ये हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. तिथली या विषयातली गेली पंधरा वर्षं म्हणजे फूटपट्टी बदलण्याचा इतिहास आहे. पिपच्या आधी १९९२ पासून डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स होता. जून २०१० मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी त्यावरचा खर्च २० टक्क्यांनी खाली आणायचं ठरवलं आणि त्यासाठी पिप आणला. हिंडण्याफिरण्याच्या वरच्या दरासाठी पूर्वी ५० मीटर हे अंतर धरलं जायचं. पिपमध्ये ते २० मीटर झालं. २० मीटर म्हणजे किती? एस.टी.च्या दोन गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर त्यांच्या लांबीपेक्षाही थोडं कमी. तेवढं चाललात तर वरचा दर गेला, आणि अनेकांची त्या दराच्या जोरावर घेतलेली भाड्याची मोटार दारातून परत गेली. गंमत म्हणजे एवढं करूनही ठरलेली बचत झाली नाहीच. खर्च वाढत गेला. कारण फूटपट्टी बदलली तरी दुखणी बदलत नाहीत. लोक अपील करतात, कोर्ट त्यांचं ऐकतं.

मार्च २०१६ मध्ये दुसरा प्रयत्न झाला. कपडे आणि शौचालय या दोन कामांत साधन वापरणाऱ्याला मिळणारे २ गुण निम्मे करून १ करायचे. भिंतीवरची दांडी निम्म्या किमतीची झाली म्हणा ना. त्याच अर्थसंकल्पात जास्त कमावणाऱ्यांना करसवलत होती. खात्याचे मंत्री इयन डंकन स्मिथ यांनी या मुद्द्यावर राजीनामा दिला. हे गृहस्थ हुजूर पक्षाचे, कपातीचे एरवीचे खंदे समर्थक, म्हणून तो राजीनामा जास्त गाजला. काही दिवसांत प्रस्ताव मागे गेला.

तिसरा प्रयत्न २०१७ चा. घराबाहेर पडताना मानसिक त्रासामुळे जे अडतात, त्यांचे हिंडण्याफिरण्याचे गुण नियमात सहा शब्द घालून कमी केले गेले. डिसेंबर २०१७ मध्ये लंडनच्या हायकोर्टाने तो नियम उघड भेदभावाचा म्हणून रद्द केला. जानेवारी २०१८ मध्ये सरकारने अपील न करण्याचं ठरवलं, आणि १६ लाख प्रकरणं पुन्हा उघडून तपासायची वेळ आली. जानेवारी २०२५ मध्ये तर हायकोर्टाने कामाच्या क्षमतेच्या तपासणीत बदल करण्याआधी आदल्या सरकारने घेतलेली जनतेची मतंच बेकायदा ठरवली: मुख्य हेतू पैसे वाचवण्याचा आहे हे लोकांना नीट सांगितलंच नव्हतं. एका अपंग कार्यकर्तीने ही लढाई लढली होती. या निकालाची शाई वाळते न वाळते तोच मार्चचा ग्रीन पेपर आला.

बाहेरच्या माणसाला हे सगळं कागदी वाटेल. ज्यांच्या दारात हे घडतं त्यांच्याकडे त्यासाठी एक वस्तू आहे: तपकिरी पाकीट. खात्याची पत्रं वर्षानुवर्षं तपकिरी पाकिटात येत आली. पिप कायमचा मिळतोच असं नाही. बहुतेकांना काही वर्षांनी फेरतपासणी असते, आणि ती पाकिटातून येते. पाकीट दारातल्या फटीतून पायपुसण्यावर पडलं की ते न उघडता दिवसदिवस तसंच ठेवणारी माणसं आहेत. आत पस्तीस-चाळीस पानांचा फॉर्म असतो. तुम्ही स्वतःची स्वच्छता कशी करता, किती वेळ लागतो, मध्ये अपघात होतो का, किती वेळा, हे आपल्या हाताने लिहायचं. मग फोनवर किंवा समोरासमोर तपासणी. ती खासगी कंपन्यांनी नेमलेले लोक करतात, निर्णय खातं घेतं. चांगल्या दिवसांपेक्षा वाईट दिवसच मोजून सांगायचे असतात, आणि लाजेपोटी माणूस उलटं करतो.

निर्णय चुकतात का? चुकतात. नकारावर आधी खात्याकडेच फेरविचार मागायचा, तोही नकारात गेला तर ट्रायब्युनल. तिथे न्यायाधीश, डॉक्टर आणि अपंगत्वाची जाण असलेली एक व्यक्ती अशी तिघं बसतात. सुनावणीपर्यंत पोचलेल्या पिपच्या अपिलांपैकी साधारण दोन तृतीयांश अर्जदाराच्या बाजूने लागतात. परीक्षेत पुनर्तपासणीला दिलेल्या तीन पेपरांपैकी दोन पेपरांचे गुण वाढले, तर आपण बोर्डाला काय म्हणू?

२०२५ च्या उन्हाळ्यात मजूर पक्षाचे खासदार हेच अनुभव मतदारांकडून ऐकत होते. पक्ष जुलै २०२४ मध्ये प्रचंड बहुमताने निवडून आला होता, आणि गरिबांचा पक्ष म्हणवून घेणाऱ्यांनी हे करावं, हे त्यांच्याच लोकांना झेपेना. १८ जूनला विधेयक मांडलं गेलं. दुसऱ्या दिवशी पक्षाच्या एक प्रतोद विकी फॉक्सक्रॉफ्ट यांनी पद सोडलं. सव्वाशेच्या आसपास मजूर खासदारांनी विधेयक पुढे जाऊच नये अशा दुरुस्तीवर सह्या केल्या. घाबरून सरकारने २७ जूनला पहिली माघार घेतली: आज पिप घेणाऱ्यांना चार गुणांची अट लागणार नाही, फक्त नव्यांना लागेल. म्हणजे लेस्टरच्या बाईचा भत्ता वाचला. तोच आजार पुढच्या वर्षी जिला होईल, त्या तिच्या धाकट्या बहिणीचा गेला. ही तडजोड पटणारी नव्हतीच.

१ जुलैला मतदान होतं. चर्चा चालू असताना, मतदानाला तास-दीड तास उरला असताना, राज्यमंत्री स्टीफन टिम्स मध्येच उठले आणि त्यांनी जाहीर केलं, की चार गुणांचं कलमच विधेयकातून काढत आहोत. पिपबद्दल जो काही बदल होईल तो सविस्तर आढाव्यानंतर. सभागृहात समोर असलेल्या विधेयकाचं नाव होतं ‘युनिव्हर्सल क्रेडिट आणि पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट विधेयक’, आणि त्यातलं पिपच निघून गेलं होतं. आपण नेमकं कशावर मत देतोय, हे खासदार एकमेकांना विचारत होते. ३३५ विरुद्ध २६० मतांनी ते पुढे गेलं. तरीही मजूर पक्षाच्या ४९ खासदारांनी विरोधात मत दिलं. पुढे विधेयकाचं नाव आखूड झालं. ३ सप्टेंबर २०२५ रोजी राजाची संमती मिळून ‘युनिव्हर्सल क्रेडिट कायदा’ झाला. टिम्स यांच्या नावाच्या आढाव्यात अपंग व्यक्तींना सोबत घेऊन काम करायचं ठरलं आहे, आणि अहवालासाठी २०२६ चा शरद ऋतू नेमला आहे.

विजय झाला म्हणून फटाके वाजवावेत असं मात्र नाही. पिपवरची कात्री अडली, युनिव्हर्सल क्रेडिटवरची चालली. एप्रिल २०२६ पासून नव्याने आजारी ठरणाऱ्या बहुतेकांना ९७ च्या जागी साधारण ५० पौंड, आणि ते काही वर्षं गोठलेले. आयुष्यभर टिकणारे अतिगंभीर आजार आणि मरणासन्न रुग्ण एवढे वगळले आहेत. गोठवणं ही कपातीची सगळ्यात मवाळ पद्धत: काहीच काढून घ्यायचं नाही, महागाईलाच काम करू द्यायचं.

ही पद्धत आपल्या ओळखीची आहे. केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग पेन्शनमध्ये केंद्राचा वाटा २०१२ पासून महिना ३०० रुपये आहे, तोही ८० टक्के अपंगत्व असेल तर. त्याला कुणी कात्री लावली नाही. तेरा-चौदा वर्षं कुणी हातच लावला नाही. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार योजनेतल्या दिव्यांगांचं मानधन १,५०० रुपयांवर होतं. जून २०२५ मध्ये बच्चू कडू यांनी गुरुकुंज मोझरीला उपोषण केलं तेव्हा मागणी सहा हजारांची होती. योगायोग असा, की लंडनमध्ये कायदा झाला त्याच ३ सप्टेंबरला राज्य मंत्रिमंडळाने इथलं मानधन २,५०० करायचा निर्णय घेतला. आपल्याकडची फूटपट्टीही वेगळी आहे. २०१६ च्या कायद्यात ४० टक्के ही रेघ आहे. सिव्हिल हॉस्पिटलातला डॉक्टर अवयव मोजतो, सकाळी आंघोळ कोण घालतं हे विचारत नाही. ब्रिटनची पद्धत निदान माणूस दिवस कसा काढतो ते विचारते. ती पद्धत मला आपल्यापेक्षा चांगली वाटते, आणि म्हणूनच तिच्यातले गुण बचतीसाठी वर-खाली करणं जास्त खुपतं.

शेवटी थोडं कामाचं, कारण ब्रिटनमध्ये आता मराठी घरं पुष्कळ आहेत. व्हिसावर असाल आणि त्यावर सरकारी निधी न घेण्याची अट असेल, तर पिप मागू नका. तो त्या अटीत येतो. कायम वास्तव्याची परवानगी किंवा नागरिकत्व असेल, आणि मागच्या तीन वर्षांपैकी दोन वर्षं तिथे राहिला असाल, तर वयात बसणाऱ्या कुठल्याही आजारी माणसासाठी अर्ज करता येतो. फॉर्म भरण्याआधी दोन आठवडे रोजनिशी लिहा: काय जमलं, किती वेळ लागला, नंतर किती वेळ पडून राहावं लागलं. एखादं काम एकदा जमलं म्हणजे जमतं असं नियमही म्हणत नाही. ते सुरक्षितपणे, नीट, पुन्हा पुन्हा आणि वाजवी वेळात जमलं पाहिजे.

आणि आपल्या माणसांची एक सवय सांभाळा. तपासणीला आलेली बाई सुरुवातीलाच विचारते, कसं वाटतंय आज? आपल्या काकू पदर सावरून, हसून म्हणतात, “बरं चाललंय.” मुलगा इंग्रजीत तेच सांगतो, आणि ती तेच लिहून घेते. काकूंच्या शेजारी जो बसेल त्याने तिथेच सांगावं, की आज सकाळी पाय मी धुतले. नकार आलाच तर पाकीट बाजूला ठेवू नका. पत्रावरची तारीख आधी बघा. फेरविचार मागायला तिथून एकच महिना मिळतो.